‘द लॉजर’ची ब्लू-रे : डिस्क, प्लेअर, संगीत आणि विजेची ती पाटी

पहिल्याच दृश्यात एक सोनेरी केसांची मुलगी किंचाळते, आणि आवाज येत नाही. हिचकॉकने तिचं डोकं काचेवर टेकवलं, केस काचेवर पसरवले आणि खालून दिवा लावला, म्हणून केसांची बट न् बट उजळलेली दिसते. लगेच अंधारात विजेची पाटी उघडमीट करते : ‘टु-नाइट गोल्डन कर्ल्स’. आज रात्रीच्या खेळात नाचणाऱ्या सोनेरी कुरळ्या केसांच्या मुलींची ती जाहिरात. मग प्रेत, बघे, पोलीस. पण चित्रपट खुन्याच्या मागे जात नाही, बातमीच्या मागे जातो. घाबरलेली साक्षीदार बाई, वही काढणारा पोलीस, फोन गाठणारा बातमीदार, तारयंत्र, छापखान्याची फिरती चाकं, अंकांचे गठ्ठे घेऊन निघालेली गाडी, रेडिओवरचा निवेदक, आणि चौकात दिव्यांच्या अक्षरांनी सरकत जाणारी ओळ. त्या गाडीला मागे दोन लंबगोल खिडक्या आहेत. आत बसलेल्या दोघांची डोकी हेलकाव्याबरोबर डोलतात आणि गाडीच डोळे फिरवते आहे असं वाटतं. डिस्क चांगली आहे की नाही हे तपासायचं असेल तर इथेच तपासा. अंधुक प्रतीत ती डोकी दिसतच नाहीत, नुसती एक काळी गाडी निघून जाते.

‘द लॉजर : अ स्टोरी ऑफ द लंडन फॉग’ (भाडेकरू : लंडनच्या धुक्याची गोष्ट) हा आल्फ्रेड हिचकॉकचा तिसरा चित्रपट. तो 1926 मध्ये गेन्सबरो या ब्रिटिश चित्रपट कंपनीच्या लंडनमधल्या इस्लिंग्टन स्टुडिओत घेतला गेला. हे परीक्षण क्रायटेरियन या अमेरिकन डिस्क-कंपनीने 2017 मध्ये काढलेल्या ब्लू-रेचं आहे. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने हिचकॉकचे उरलेले नऊ मूकपट दुरुस्त केले (दहावा, ‘द माउंटन ईगल’, हरवलेला आहे), त्या कामातली ही प्रत. डिस्कवर ‘डाउनहिल’ हा 1927 चा दुसरा मूकपटही पूर्ण आहे, म्हणजे एका किमतीत दोन चित्रपट. निकाल आधीच सांगतो : घ्यावी. मात्र तुमच्याकडचा प्लेअर कोणता, हे आधी बघा. ते खाली सविस्तर आहे. आणि ज्यांना रहस्य कळून घ्यायचं नसेल त्यांनी पुढचे सात परिच्छेद ओलांडून थेट चित्राच्या दर्जाकडे जावं, कारण शेवट सांगितल्याशिवाय या चित्रपटाची जाहिरात समजत नाही.

गोष्ट पुणेकराला ओळखीची वाटेल अशी आहे. लंडनमध्ये दर मंगळवारी रात्री एका सोनेरी केसांच्या मुलीचा खून होतो. मारणारा स्वतःला ‘अ‍ॅव्हेंजर’ म्हणवतो आणि प्रेताजवळ त्रिकोण काढलेली चिठ्ठी ठेवतो. बंटिंग कुटुंबाने घरावर ‘खोली भाड्याने देणे आहे’ अशी पाटी लावली आहे. धुक्यातून एक माणूस येतो, महिन्याचं भाडं आगाऊ देतो आणि खोलीतल्या भिंतीवरच्या सोनेरी केसांच्या बायकांच्या तसबिरी भिंतीकडे वळवून ठेवतो. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर खोल्या देणाऱ्या कोणत्याही काकूंनी एवढ्यावरच शेजारी निरोप धाडला असता. आणि 1976-77 मध्ये जोशी-अभ्यंकर खुनांच्या दिवसांत संध्याकाळनंतर पुण्यातले रस्ते कसे ओस पडायचे, हे ज्यांनी घरातल्या मोठ्यांकडून ऐकलं आहे त्यांना या चित्रपटातली कडी लावून घेणारी माणसं समजावून सांगावी लागत नाहीत.

तो भाडेकरू झालाय आयव्हर नोव्हेलो, आणि सगळी मेख इथे आहे. नोव्हेलो म्हणजे त्या वेळचा ब्रिटनचा सर्वांत लाडका देखणा नट. पहिल्या महायुद्धात घरोघरी गायल्या गेलेल्या ‘कीप द होम फायर्स बर्निंग’ची चाल त्याची. गेन्सबरोचा ‘द रॅट’ 1925 मध्ये त्याच्याच नावावर चालला. मेरी बेलॉक लाउंड्झच्या 1913 च्या मूळ कादंबरीत भाडेकरूच खुनी आहे. पण नोव्हेलोला खुनी दाखवलं तर पोस्टरवरचा चेहरा बघून तिकीट काढणारा प्रेक्षक तुटणार. म्हणून चित्रपटात तो निर्दोष ठरतो : त्याची बहीण पहिली बळी, आणि तो खुन्याला शोधत फिरतोय. हिचकॉकने पुढे फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं की त्याला शेवट उघडा ठेवायचा होता, माणूस अंधारात निघून जातो आणि खरं काय ते कधीच कळत नाही. ते नटाच्या नावामुळे जमलं नाही. म्हणजे जाहिरात चित्रपट तयार झाल्यावर चिकटवली गेली नाही, तिने पटकथेतच हात घातला.

हिचकॉकचं कसब असं की त्याने ही अडचण वापरून घेतली. नोव्हेलो पहिल्यांदा दिसतो तो दार उघडल्यावर, धुक्यात, अर्ध्या तोंडावर गळपट्टा गुंडाळलेला. बातमीत खुन्याचं जे वर्णन आलं तंतोतंत तसाच. थिएटरात त्याच्यासाठी आलेल्या बायकांना तो हवा तर असतो, पण भीतीही वाटते. चित्रपटभर हा ताण सैल पडत नाही. वरच्या मजल्यावर तो येरझाऱ्या घालतो ते दृश्य तर मूकपटाच्या अभ्यासाला लावावं असं आहे. पावलांचा आवाज दाखवायचा कसा? हिचकॉकने इंचभर जाडीच्या काचेची जमीन करून घेतली आणि खालून कॅमेरा लावला. खालच्या घरातल्यांनी मान वर केली, झुंबर हललं, आणि छतातून आरपार त्याचे बूट दिसले. आवाजाशिवाय आवाज ऐकू येतो.

चित्रपट तयार झाल्यावर वितरक सी. एम. वुल्फ याला तो मुळीच पसंत पडला नाही. त्याला हे फार जर्मन वळणाचं, प्रेक्षकाच्या डोक्यावरून जाणारं वाटलं. हिचकॉकचे आधीचे दोन चित्रपटही असेच अडकले होते, त्यामुळे हा तिसरा डब्यात गेला असता तर त्याचं दिग्दर्शनच संपण्याची पाळी होती. इथे त्या काळच्या धंद्याची एक रीत माहीत असायला हवी. थिएटरमालक चित्रपट न पाहता, नुसत्या नटाच्या नावावर, महिने-महिने आधी बुकिंग करत. ‘द लॉजर’ची अशी बुकिंगं नोव्हेलोच्या नावावर झाली होती, ती वुल्फने रद्द केली. याच आंधळ्या बुकिंगला आळा घालण्यासाठी ब्रिटनमध्ये 1927 चा चित्रपट कायदा आला, हे लक्षात घेतलं की एकटा वुल्फ खलनायक वाटत नाही. त्या बाजारात नाव विकलं जात होतं, चित्रपट नंतर पाहिला जायचा.

निर्माता मायकेल बाल्कनने मग आयव्हर माँटेग्यूला बोलावलं. हा तरुण 1925 मध्ये निघालेल्या लंडनच्या फिल्म सोसायटीच्या संस्थापकांपैकी (टेबल टेनिसचा आंतरराष्ट्रीय महासंघही त्यानेच 1926 मध्ये उभा केला). त्याने काय केलं ते नेमकं बघण्यासारखं आहे, कारण ही दुरुस्ती आहे, मोडतोड नाही. पडद्यावरच्या मजकुराच्या पाट्या शेकड्यांनी होत्या, त्या सुमारे 80 वर आणल्या. थोडी दृश्यं पुन्हा घ्यायला लावली. आणि ई. मॅकनाइट कॉफर या पोस्टरकाराकडून शीर्षकाच्या पाट्या काढून घेतल्या. वुल्फला जे ‘जर्मन’ खुपत होतं ते माँटेग्यूने कमी न करता ठळक केलं : त्रिकोण, तिरक्या रेघा, काळ्यातून फुटणारा उजेड. डिस्कवर या पाट्या थांबवून बघा. लंडनच्या भुयारी रेल्वेची पोस्टरं करणाऱ्या माणसाचा हात कळतो. एक आख्खा चित्रपट पोस्टरच्या भाषेत बांधून दिला आहे.

सप्टेंबर 1926 मध्ये धंद्यातल्या लोकांसाठी आणि पत्रकारांसाठी खेळ झाला. ‘बायोस्कोप’ या व्यापारी नियतकालिकाने लिहिलं की आजवरचा सर्वोत्तम ब्रिटिश चित्रपट कदाचित हाच असेल. सर्वसामान्य प्रेक्षकांसाठी तो 14 फेब्रुवारी 1927 ला लागला आणि धो धो चालला. रखडलेले आधीचे दोनही याच सुमारास बाहेर आले. अमेरिकेत गेला तो ‘द केस ऑफ जोनाथन ड्र्यू’ असं नाव बदलून, ज्यात ना भाडेकरू ना धुकं. आणि जाहिरातीचं महत्त्व कळलेल्या हिचकॉकने 1927 च्या नाताळात मित्रांना स्वतःच्या रेखाटलेल्या चेहऱ्याचं लाकडी कोडं भेट पाठवलं. पुढे आयुष्यभर त्याची सही बनलेली ती रेषा इथून सुरू होते. चित्रपटात तो स्वतः दिसतो तो वर्तमानपत्राच्या कचेरीत, पाठमोरा. माणूस कमी पडला म्हणून बसला, असं त्याचं म्हणणं. पण बसला नेमका बातमी तयार होते तिथे.

आपल्याकडे याच वर्षांत मुंबईत हेच चालू होतं, हे इथे सांगायलाच हवं. चंपसी-हरिदास खून प्रकरणावरून कोहिनूर कंपनीने 1924 मध्ये ‘काला नाग’ काढला. 12 जानेवारी 1925 ला मलबार हिलवर अब्दुल कादर बावलाचा खून झाला आणि त्याच वर्षी होमी मास्टरांचा ‘कुलीन कांता’ आला. वर्तमानपत्राने आधीच घराघरात पोचवलेली गोष्ट, तीच पडद्यावर. ‘द लॉजर’ची डिस्क हातात घेताना वाईट वाटतं ते यासाठी. तिकडे त्रिकोणाची एक पाटीही नीट जपली आहे आणि आपल्याला ‘कुलीन कांता’ बघायची सोय नाही.

आता डिस्ककडे.

चित्राचा दर्जा उत्तम. मूळचे रंग परत आणले आहेत : रात्रीचा रस्ता निळा, घरातला दिव्याचा उजेड पिवळसर. ‘मूकपट म्हणजे काळा-पांढरा’ ही समजूत इथे सुटते. त्या काळी फिल्म रंगात बुडवूनच दाखवत, आणि प्रेक्षकाला रात्र कुठली, दिवस कुठला ते त्यावरून कळे. रंग काढून टाकलेल्या प्रतीत रात्रीचे प्रसंग भरदुपारी घडल्यासारखे दिसतात, कारण पुष्कळसे उजेडातच घेतलेले असतात. थोडे ओरखडे आणि उजेडाची धडधड काही ठिकाणी राहिली आहे. ती राहू दिली हे बरं झालं, घासून-पुसून चेहरे मेणाचे केलेले नाहीत.

हा दर्जा टीव्ही मात्र दोन मिनिटांत घालवू शकतो. तीन गोष्टी बदला. चित्राचा मोड ‘व्हिव्हिड’वर असेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’वर न्या, नाहीतर पिवळसर उजेड नारिंगी होतो आणि धुकं निळ्या रंगाच्या पाण्यासारखं दिसतं. मोशन स्मूदिंग पूर्ण बंद करा. मूकपटाची गती सेकंदाला 20 फ्रेमच्या आसपास असते. ती 24 च्या डिस्कवर बसवायची तर दर पाचवी फ्रेम दोनदा दाखवावी लागते. टीव्ही ती पुनरावृत्ती चूक समजून मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि धावणाऱ्या माणसाच्या पायाभोवती वितळल्यासारखी कड उमटते. शेवटच्या जमावाच्या प्रसंगात हे फार खटकतं. आणि चित्र ताणू नका. ते 1.33 : 1 आहे, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.33 पट, तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणारच. 55 इंची टीव्हीवर प्रत्यक्ष चित्र सुमारे 45 इंची पडतं, तेव्हा नेहमीपेक्षा खुर्ची फूट-दीड फूट पुढे ओढा.

‘इंटरनेटवर फुकट आहे की’ असं कोणी म्हणेल. आहे, आणि मूळ चित्रपटावरचा हक्क संपलेला असल्यामुळे त्यात गैर काही नाही. भारतीय कायद्यात चित्रपटाला 60 वर्षांचं संरक्षण असतं. पण लांबी बघा. क्रायटेरियनची प्रत सुमारे 90 मिनिटांची आहे. 20 च्या गतीने 90 मिनिटं चालणारी रिळं 24 ने पळवली की 75 मिनिटांत संपतात. फुकटची प्रत 74-75 मिनिटांची दिसली तर बहुधा काही कापलेलं नाही, सगळे जण घाईत आहेत एवढंच. नोव्हेलोचं हळू वळणारं डोकं झटक्यासारखं होतं, जिन्याच्या कठड्यावरून उतरणारा हात भुर्रकन खाली येतो, आणि लोक म्हणतात मूकपटातला अभिनय विनोदी असतो. याउलट शंभर मिनिटांची प्रत मिळाली तर ती गरजेपेक्षा संथ आहे. दोन्ही नकोत.

आता प्लेअर, कारण पुण्यात बहुतेकांची अडचण इथेच होते. ब्लू-रेचे तीन विभाग आहेत : अमेरिका ए, युरोप बी, आणि भारत सी. ही डिस्क ए विभागाची आहे. भारतात विकलेला साधा प्लेअर ती घेणार नाही, पडद्यावर विभागाची सूचना येईल आणि डिस्क चालणार नाही. दुकानात ‘मल्टिरीजन’ म्हणून जे दाखवतात ते पुष्कळदा फक्त डीव्हीडीपुरतं असतं. रिमोटवर आकडे दाबून डीव्हीडीचं कुलूप उघडतं, ब्लू-रेचं तसंच राहतं. दुकानदाराला सरळ विचारा, ‘ब्लू-रे ए आणि सी दोन्ही चालतात का?’ आणि ए विभागाची एखादी डिस्क तिथेच लावून बघा. हे जमत नसेल तर याच आवृत्तीची डीव्हीडी घ्या. ती रीजन 1 (अमेरिका), एनटीएससी (तिकडची टीव्हीची पद्धत) आहे, पण डीव्हीडीचं कुलूप सुटलेला प्लेअर आणि आजचा कोणताही टीव्ही ती दाखवतो. तपशील कमी दिसतो, गाडीच्या खिडक्यांतली डोकी तरीही दिसतात. परदेशातून मागवताना किमतीवर कस्टमचा भार पडतो, तो हिशेबात धरूनच बटण दाबा. प्लेअरला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बरे स्पीकर जोडायला तपकीर गल्लीत एक चक्कर पुरते, या चित्रपटाला त्याहून जास्त काही लागत नाही.

संगीतावर मत वेगळं पडू शकतं. या डिस्कवर नील ब्रँडचं संगीत आहे, ऑर्केस्ट्रा ऑफ सेंट पॉल्सने वाजवलेलं. ब्रँड अनेक वर्षं मूकपटांना प्रत्यक्ष थिएटरात पियानोची साथ करत आलेला आहे आणि ते जाणवतं. तो पडद्याच्या पुढे धावत नाही. नोव्हेलो संशयित आहे तोवर संगीतही निकाल देत नाही. 2012 च्या दुरुस्तीसाठी नितीन सॉनीने लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं दुसरं संगीत आहे, ते ब्रिटनमध्ये निघालेल्या आवृत्तीत मिळतं (ती डिस्क बी विभागाची). सॉनी आपल्याला ‘प्रपंच पाश’ या भारतीय मूकपटाला दिलेल्या संगीतामुळे माहीत आहे आणि तिथे त्याचं काम अप्रतिम आहे. ‘द लॉजर’मध्येही वाद्यांचा भाग भारदस्त आहे, पण प्रेमाच्या प्रसंगात शब्द असलेली गाणी येतात आणि तिथे चित्रपट तुटतो. मूकपटात शब्द पाटीवर येतात. कानात दुसरेच शब्द आले की डोळा वाचायचं सोडतो. ब्रँडच घ्यावा. दोन्ही संगीतं एका डिस्कवर असती तर तुलना करता आली असती, ती सोय नाही.

जोडीला बरंच आहे. हिचकॉकच्या त्रुफो (1962) आणि अमेरिकन दिग्दर्शक बोगडानोविच (1963 व 1972) यांच्याशी झालेल्या ध्वनिमुद्रित गप्पांचे तुकडे, चित्रपट-अभ्यासक विल्यम रॉथमनची मुलाखत, हिचकॉकच्या घरं-जिने-खोल्यांवर कला-इतिहासकार स्टीव्हन जेकब्झचा दृश्यनिबंध, ब्रँडची मूकपटाच्या संगीतावरची मुलाखत, आणि हिचकॉकनेच 1940 मध्ये केलेलं याच कथेचं नभोनाट्य. जेकब्झचा भाग चित्रपटानंतर लगेच बघा, बंटिंगांच्या जिन्याचा नकाशा डोक्यात ताजा असतानाच त्याची मजा आहे. कमी काय, तर चित्रपटाच्या जाहिरातीवर स्वतंत्र भाग नाही. पोस्टरं, थिएटरांना पाठवलेली छापील पत्रकं, वृत्तपत्रांतली परीक्षणं असा अर्ध्या तासाचा भाग असायलाच हवा होता. ज्या चित्रपटाचा शेवट जाहिरातीने ठरवला त्याच्या डिस्कवर ही उणीव मोठी आहे.

सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबात दाखवायचा विचार असेल तर एक ध्यानात ठेवा. मूळ चित्रपट मोकळा असला तरी ब्रँडचं संगीत मोकळं नाही आणि डिस्क घरगुती वापरासाठीच आहे, तेव्हा जाहीर खेळाची परवानगी वेगळी काढावी लागते. तेवढं करायचं नसेल तर नीट गतीची मोकळी प्रत शोधा, आवाज बंद करा आणि पेटी-तबल्याची साथ ठेवा. पाट्या जेमतेम 80 आहेत, त्यांचं मराठी एका कागदावर आधी लिहून ठेवता येतं. एकाने पहिल्या रांगेत बसून मोठ्याने वाचायचं. आपल्या मूकपटांच्या काळात पाट्या अशाच वाचल्या जात आणि पुण्यात वाचणाऱ्यांची कधी वाण नव्हती. खून छापखान्यातून ओला येतो आणि हवेतून गरम येतो, अशा अर्थाच्या दोन पाट्या सुरुवातीलाच आहेत, त्या जोरात वाचायच्या.

शेवटचा प्रसंग आला की लगेच उठू नका. नोव्हेलो निर्दोष ठरला आहे, श्रीमंत घर, जिना, बंटिंगांची मुलगी डेझी त्याच्या मिठीत. पोस्टरने कबूल केलेलं सगळं मिळालं आहे. त्यांच्या मागे खिडकी आहे. खिडकीबाहेर, लांबवर, ती पाटी अजून उघडमीट करते आहे : ‘टु-नाइट गोल्डन कर्ल्स’.